आडव्या झाडांच्या पाण्यात: टोलेडो बेंडवरचे तीन दिवस

टेक्सास आणि लुईझियाना या राज्यांच्या सीमेवर सबाइन नदी अडवून केलेला टोलेडो बेंड हा जलाशय सुमारे १ लाख ८५ हजार एकरांवर पसरला आहे आणि त्याच्या काठाची लांबी १,२०० मैलांच्या आसपास भरते. १९६० च्या दशकात धरण बांधले गेले तेव्हा खोऱ्यातील जंगलाचा बराच भाग उभाच पाण्यात गेला. ती झाडे आजही ठिकठिकाणी करड्या खांबांसारखी उभी आहेत आणि त्यांच्यामधून बोटी नेण्यासाठी खुणा लावून वाटा आखून दिलेल्या आहेत. मी मात्र एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे गेलो तो काठावरून उन्मळून पाण्यात आडव्या पडलेल्या झाडांसाठी. लाटांनी काठाची माती खाल्ली की पाइनची झाडे मुळांसकट कलंडतात, बुंधा काठाला धरून राहतो, शेंडा खोल पाण्यात जातो, आणि त्या झाडाच्या आश्रयाला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा शिकारी मासा येऊन राहतो. त्याला तेथून गळाने बाहेर कसे काढावे, हे शिकण्यासाठी मी तीन दिवस राखून ठेवले होते.

माझ्याबरोबरचे गाइड साठी ओलांडलेले, याच पाण्यावर आयुष्य घालवलेले गृहस्थ होते. पहिल्या सकाळी आभाळ भरून आले होते, दक्षिणेचा उबदार वारा होता आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या जवळ होते. त्यांनी पहिल्या झाडापासून साठ-सत्तर फुटांवरच इंजिन बंद केले आणि विजेवरच्या लहान मोटरने बोट जागेवर धरून ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. झाड कोणत्या दिशेला पडले आहे, पाण्यावर दिसणाऱ्या फांद्यांवरून पाण्याखालचा शेंडा कुठवर गेला असावा, त्याच्या टोकाशी खोली किती आहे, सावली कोणत्या अंगाला पडते, हे सारे ते मनात मांडत होते. सर्वच झाडांवर मासा नसतो. उथळ, सपाट काठावर पडलेल्या दहा झाडांपेक्षा जुन्या ओढ्याच्या पात्राकडे शेंडा झुकलेले एकटे झाड अधिक मोलाचे, असे त्यांचे मत होते आणि तीन दिवसांत मलाही त्याचा प्रत्यय आला. माशाला उथळ पाणी आणि खोल पाणी यांच्यामध्ये एकाच आडोशाने ये-जा करता येते, हे त्याचे कारण आहे. लाकडावर शेवाळ धरते, शेवाळावर किडे येतात, किड्यांमागे ब्लूगिलसारखे लहान मासे येतात आणि त्यांच्यावर बास टपून असतो. तो लांबवर पाठलाग करणारा मासा नाही. सावलीत दबा धरून जवळ आलेल्या भक्ष्यावर एका झेपेत तुटून पडणे ही त्याची रीत आहे.

मी केलेली पहिली चूक येथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यातच या विद्येचे मर्म आहे. गाइड बोट वळवीत असताना मी काठाच्या बाजूने, म्हणजे बुंध्याकडून शेंड्याकडे आमिष फेकले आणि गुंडाळू लागलो. दुसऱ्याच क्षणी गळ एका बेचक्यात जाऊन असा रुतला की तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, तोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. गाइडनी काठावरच्या उभ्या पाइनकडे बोट दाखवले. फांदी खोडातून निघते ती शेंड्याच्या दिशेने वर जाते, त्यामुळे खोड आणि फांदी यांच्यातले बेचके नेहमी शेंड्याकडे उघडे असते. झाड आडवे पडले तरी ही रचना बदलत नाही. शेंड्याकडून बुंध्याकडे ओढलेले आमिष प्रत्येक बेचक्याच्या कोनात जाऊन बसते. बुंध्याकडून शेंड्याकडे ओढलेले आमिष फांद्यांवरून घसरत मोकळे बाहेर येते. म्हणून बोट शेंड्यापलीकडच्या खोल पाण्यात उभी करायची आणि काठाच्या दिशेने फेकायचे. गळाला लागलेला मासाही मग त्याच वाटेने, फांद्यांच्या कलाबरोबर मोकळ्या पाण्यात आणता येतो. झाड जसे वाढले तसेच ते वाचावे लागते, ही एवढी गोष्ट मला आधी कळली असती तर माझी कितीतरी आमिषे आणि त्याहून कितीतरी मासे वाचले असते.

त्या दिवशी आम्ही बाहेरून आत गेलो. आधी शेंड्याच्या टोकांजवळून स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या चकत्यांचे आमिष, नेले, मग झाडाच्या दोन्ही अंगांना खोडाशी समांतर फेकले आणि अगदी शेवटी मधल्या दाट फांद्यांत शिरलो. आधी मध्यभागी फेकले तर तिथल्या माशाच्या धडपडीने बाकीचे सावध होतात. ढगाळ हवेत बास आडोशापासून थोडा दूर फिरतो, त्यामुळे पहिल्या दिवसाचे चारही मासे आम्हाला टोकाच्या बारीक डहाळ्यांपाशीच मिळाले.

रात्री पाऊस पडला, वारा उत्तरेकडे फिरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निरभ्र निळे झाले. अशा थंड लाटेनंतर मासे आडोशाच्या अगदी आत सरकतात आणि हालचाल कमी करतात. दोन तास स्पिनरबेट फिरवून एकही मासा लागला नाही, तेव्हा गाइडनी जाड, साडेसात फुटी रॉड, म्हणजे गळाची काठी, काढून दिला. त्यावर २० पौंडांचा ताण सोसणारा, फ्लुओरोकार्बनच्या एकसंध धाग्याचा तंगूस होता. विणलेला तंगूस याहून मजबूत असला तरी तो ताणाखाली ओल्या लाकडात करवतीसारखा रुततो, म्हणून लाकडाच्या पाण्यात ते तो वापरीत नसत. आमिष टेक्सास रिगचे होते: मऊ रबरी आमिषाच्या अंगात गळाचे टोक दडवलेले आणि पुढे गोळीच्या आकाराचे वजन. हे वजन दात कोरायच्या काडीच्या तुकड्याने तंगुसावर पक्के केलेले होते, कारण ते सुटे राहिले तर फांदीवरून उतरताना वजन एका बाजूला आणि आमिष दुसऱ्या बाजूला लोंबकळत राहते.

यानंतरचा सारा दिवस पिचिंगचा होता. एका हातात आमिष धरून, रॉडचे टोक खाली आणून, ते लंबकासारखे पाण्यालगत पुढे सोडायचे आणि पाण्याला टेकण्याच्या क्षणी रीलवर, म्हणजे तंगूस गुंडाळलेल्या चाकावर, अंगठा दाबून आवाज न करता आत शिरू द्यायचे. याहून जवळच्या अंतरावरचे फ्लिपिंग हे तंत्र कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७० च्या दशकात बास पकडण्याच्या स्पर्धांमध्ये आणले आणि त्यानंतर दाट आडोशातली मासेमारी पार बदलून गेली. ऐकायला हे सोपे वाटते. पण पंचवीस फुटांवरच्या दोन फांद्यांमधल्या वीतभर फटीत आमिष चमच्याने सोडल्यासारखे उतरवायला मला दुपार उजाडली. फेकण्याइतकेच अवघड काम पुढे होते. मासा आमिष बहुधा ते खाली जात असतानाच घेतो आणि तो हिसका हाताला जाणवत नाही, तंगुसावर दिसतो. तंगूस किंचित उडतो, आडवा सरकू लागतो, किंवा दहा फूट खोल पाण्यात तो चार फुटांवरच थांबतो. म्हणून आमिष घट्ट ताणून उतरवायचे नाही आणि अगदी सैलही सोडायचे नाही. तळाला गेले की ते हळूच उचलायचे, फांदीवर चढवायचे, तेथेच दोन-तीनदा हलवायचे आणि पलीकडे पडू द्यायचे. दुपारी दोनच्या सुमारास खोडाच्या सावलीच्या बाजूला, बुंध्याला खेटून आमिष उतरत असताना माझा तंगूस असाच आडवा चालू लागला. मी झटका दिला आणि मासा एका फांदीखालून वळसा घालून पलीकडे गेला.

माझा पहिला आवेग जोर लावून ओढण्याचा होता. गाइडनी माझ्या हातावर हात ठेवला. ताण वाढवला तर तंगूस फांदीवर घासून तुटतो किंवा गळ जबड्यातून निसटतो. ताण थोडा सैल केला तर मासा बऱ्याचदा आल्या वाटेने आपणहून परत फिरतो. आम्ही बोट सावकाश फांदीपर्यंत नेली. ते दीड-दोन मिनिटांचे थांबणे मला या प्रवासात सर्वांत जड गेले. अखेर मासा वळला, मोकळ्या बाजूला आला आणि मी त्याचे डोके वरच्या दिशेला ठेवून त्याला बाहेर काढले. तो अठरा इंचांचा होता. ओल्या हातांनी जबडा आणि पोट दोन्हीकडून आधार देऊन आम्ही त्याला परत सोडले. मोठ्या माशाला नुसत्या जबड्यावर आडवे टांगले तर त्याचा जबडा दुखावतो.

तिसऱ्या दिवशी पावसाचे गढूळ पाणी ओढ्यांतून उतरत होते. वाहत्या पाण्यात मासा प्रवाहाकडे तोंड करून, खोडामागे पाणी संथ होते तेथे थांबतो, आणि पाणी गढूळ असले की तो उथळ जागीही लाकडाला चिकटून राहतो. येथे चौकोनी जिभेच्या क्रँकबेटने, म्हणजे तोंडाशी जिभेसारखे पाते असलेल्या माशाच्या आकाराच्या आमिषाने, काम केले. ते मुद्दाम लाकडावर आपटायचे असते. जीभ खोडाला लागताच ते एका बाजूला उसळते आणि नेमक्या त्या उसळीवर मासा झडप घालतो. अडकल्यासारखे वाटले तर ओढायचे नाही, तंगूस सैल सोडायचा, म्हणजे ते आपल्याआपण तरंगत वर येते. दुपारपर्यंत आम्हाला सात मासे मिळाले, त्यांतले पाच प्रवाहाच्या खालच्या अंगाला.

शेवटचे झाड एका निवांत खाडीच्या टोकाशी, ओढ्याच्या पाण्यापासून दूर, नितळ पाण्यात होते. मी आमिष हातात घेतले होते, तेवढ्यात गाइडनी बुंध्यापाशी दाखवले. फूटभर पाण्यात, मुळांच्या आडोशाला, बारीक काळसर पिलांचा एक ढग हलत होता आणि त्याच्याभोवती एक नर बास सावकाश फेऱ्या घालीत होता. या दिवसांत अंडी आणि पिले राखण्याचे काम नरच करतो. त्याला काही मिनिटांसाठी उचलले तरी ब्लूगिल पिलांवर तुटून पडतात. अशा माशावर गळ टाकू नये, असे मला मनापासून वाटते. मी आमिषाचा गळ रॉडच्या कडीत अडकवला, गाइडनी मोटर उलट फिरवली आणि आम्ही पाणी न ढवळता मागे सरकलो. नर बास एकदा आमच्या दिशेने वळला आणि पुन्हा मुळांपाशी जाऊन थांबला.