जियांगशीचा हात गेला कुठे? (गेमबॉय आरपीजी, अपडेट 6)

तर मंडळी, तीन आठवडे गायब होतो कारण हात गायब होत होता. म्हणजे माझा नाही, मी गेमबॉयसाठी (निन्टेंडोचं जुनं हातात धरून खेळायचं यंत्र) गेम बनवतोय त्यातल्या जियांगशीचा, म्हणजे चिनी लोककथेतल्या उड्या मारणाऱ्या प्रेताचा.

झालं असं की शियांगशीच्या (चीनच्या हुनान प्रांतातला भाग) डोंगरवाटेचा सीन लावला, पुढे घंटी वाजवत ताओ पुजारी आणि मागे उड्या मारत तीन प्रेतं, आणि दर वेळी तिसऱ्याचा एक हात हवेत विरघळतोय. आधी वाटलं स्प्राइटच (पडद्यावर हलणारं पिक्सेलचं चित्र) चुकलाय, दोन रात्री पिक्सेल मोजत बसलो. मग ट्यूब पेटली. गेमबॉयला एका आडव्या ओळीत 8 पिक्सेल रुंदीचे 10 च स्प्राइट दिसतात, माझा पुजारी 16 पिक्सेल रुंद म्हणजे 2 झाले आणि हात पुढे ताणलेला जियांगशी 24 चा म्हणजे 3, तीन त्रिक नऊ अन् दोन अकरा, अकरावा कट! हात कोपरात वाकवून बघितले तर सगळे प्रसादाला ओंजळ धरून उभे असल्यासारखे दिसायला लागले, भीती गेली खड्ड्यात. शेवटी वाटच अरुंद करून टाकली, आता सगळे एकाखाली एक उतरतात, हात प्लेयरकडे, आणि खरं सांगू, आधीपेक्षा भारी वाटतंय.

श्वास रोखायचं पण चालू झालं. जियांगशीला दिसत नाही, तो श्वासावर येतो, म्हणून बी बटण दाबून धरायचं. श्वास 4 सेकंद टिकतो, त्याची एक उडी अर्ध्या सेकंदाची, म्हणजे आठ उड्यांत तुम्ही कोपऱ्यामागे गेला नाहीत तर संपलं. तो नाकासमोर येऊन थांबतो ना तेव्हा माझाच श्वास अडकतो राव.

जियांगशीच्या कपाळावरच्या ताईताचा पिवळा कागद चार छटांत कुठून आणणार, सगळ्यात फिकी छटा दिली, चेहरा मधल्या छटेत, झगा काळा. लांबून पण कळतंय. चिकट तांदळाची पिशवी दुकानात आलीये, साधा तांदूळ मिसळलेली स्वस्तातली घेतलीत तर जियांगशीच्या चाव्याचं विष अर्धंच उतरेल (हाँगकाँगचे जुने पिक्चर बघितलेत त्यांना कळलं असेल).

एका मित्राचं म्हणणं, सरळ वेताळ म्हण ना. अरे पण वेताळ उड्या कुठे मारतो, तो खांद्यावर बसून गोष्टी सांगतो.

राहिलं काय, तर कोंबडा. पहाटे आरवला की सगळे जागच्या जागी थिजणार असा प्लॅन आहे. काल गेमबॉयच्या नॉइज चॅनेलवर (खरखरीचे आवाज काढणारा भाग) तासभर खटपट करून आरवणं बनवलं, जरा आवाज वाढवून लावलं तर बायको आतून विचारते, कितवी शिट्टी झाली?