मोटारीवरची लढाई

रावेरकडे केळीला पाणी द्यायचं तर लाईट असेल तेव्हाच मळ्यात जावं लागतं, आणि या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची पाळी आहे. खाटेवर बसून मी निन्टेंडोच्या 'स्विच' या हातात धरायच्या गेमयंत्रावर 'ड्रॅगन क्वेस्ट ११ एस' खेळतो.

या मालिकेतला पहिला गेम १९८६ साली जपानात फॅमिकॉम या निन्टेंडोच्याच जुन्या गेमयंत्रावर आला, युजी होरिई यांनी रचलेला. लढाईचा गाभा अजून तोच: आपण हुकूम देईपर्यंत समोरचा राक्षस थांबतो. माझा जीव जडलाय तो यावरच.

परवा मेटल स्लाईम नावाचा राक्षस आला. इवलासा चकाकता थेंब. साधा घाव बसलाच तर जेमतेम एका आकड्याचा, आणि बऱ्याचदा तो पळूनच जातो. मारला तर अनुभवाचे गुण मात्र भरघोस. नेमकी तेव्हाच मोटार बंद पडली. बटण दाबून स्क्रीन झोपवली, बॅटरी घेऊन स्टार्टरपाशी गेलो. एक फेज गेला होता. तो येईपर्यंत ठिबकचा फिल्टर धुऊन काढला.

अर्ध्या तासाने परत येऊन पाहतो तर स्लाईम तिथेच, डोळे वटारून. वेगवान मारामारीत एवढ्या खंडानंतर हाताची लय जाते. इथे फक्त कोणाचा जीव किती उरलाय ते वाचायचं आणि पुढची चाल ठरवायची.

शेजारच्या बांधावरून काका आले. "काय करू राह्यला रे भो?" त्यांना सगळं सांगितलं. ते खाटेवर टेकले आणि म्हणाले, "मंग, पयाला का तो?"

नाही पळाला. तिसऱ्या घावाला पडला.