दादांच्या ट्रंकेतला स्टॅलिन

गेल्या रविवारी माळ्यावरची दादांची ट्रंक खाली काढली. २०१९च्या पुरात आमचं सांगलीच्या खणभागातलं घर निम्मं बुडालं, माळा तेवढा कोरडा राहिला. दादा गणपती पेठेत हळदीच्या पेढीवर दिवाणजी आणि पक्के कम्युनिस्ट. रशियाहून येणारी गुळगुळीत मासिकं वाचून झाली की त्याच कागदाची आमच्या वह्यांना कव्हरं.

तळाला स्टॅलिनचा फोटो, पेपरात गुंडाळलेला. पूर्वी तो देवघराशेजारी असायचा. आई त्यालाही उदबत्ती ओवाळायची!

कॉलेजात असताना मी दादांना स्टॅलिनच्या राज्यातल्या ज्यूंचं विचारलं होतं. "मे १९४८मध्ये इस्रायलला पहिली पूर्ण कायदेशीर मान्यता दिली ती रशियानंच," ते ठसक्यात म्हणाले. खोटं नव्हतं. पण त्याच वर्षी जानेवारीत मिखोएल्स या नामवंत ज्यू नटाला मिन्स्कमध्ये मारून अपघाताचा बनाव केला होता. ऑगस्ट १९५२मध्ये यिडिश या ज्यूंच्या भाषेतल्या लेखकांना गोळ्या घातल्या. १३ जानेवारी १९५३ला 'प्रावदा' या रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या पेपरानं छापलं, की डॉक्टरच पुढाऱ्यांच्या जिवावर उठलेत. नावं बहुतेक ज्यूंची. ५ मार्चला स्टॅलिन गेला आणि एप्रिलमध्ये डॉक्टर सुटले. सगळा आरोपच रचलेला होता.

दादा पानाला चुना लावत राहिले. "आमच्याकडं यातलं काही छापून आलं नाही रे," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा.

रद्दीवाला दारात येऊन गेला. मासिकं दिली, फोटो परत ट्रंकेत टाकला.