टोपीची बाजू वर

दुपारी देवघर आवरायला घेतलं की हळदीकुंकवाच्या कोयरीमागून हमखास एक चपटी डबी निघते आणि तिच्यात पाच-सहा सुपाऱ्या. कुठल्या तरी सत्यनारायणाला गणपती म्हणून बसलेल्या, कुठल्या तरी वास्तुशांतीत विड्यावर ठेवलेल्या. खायच्या नाहीत आणि टाकायच्या तर मुळीच नाहीत. एखादीला टाचणीएवढं भोक असतं, डबीच्या तळाला तांबूस भुकटी. म्हणजे किडा आला, जेवला आणि निघूनही गेला.

पूजेच्या सुपारीबद्दल एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. वाण्याकडे ‘पूजेची’ म्हणून मागितली की तो जी पुडी पुढे करतो, तिच्यात खायच्या मालातून बाजूला पडलेली बारीक, सुरकुतलेली, दगडासारखी फळं असतात. आपण ज्याच्यावर दात लावणार नाही, ते देवाला चालतं! उलट चांगली श्रीवर्धनी रोठा अडकित्त्यात धरावी. कट्कन आवाज होतो आणि फोडीवर तपकिरी रेघांच्या मध्ये पांढऱ्या गराचा ऐसपैस भाग दिसतो. तो पांढरा भाग जेवढा जास्त तेवढी सुपारी मऊ, तेवढा भाव चढा. (खाऊ नये, हे खरंच. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली स्पष्ट सांगितलं. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, आंजर्ले या पट्ट्यात घराच्या मागचं दार उघडलं की तीच उभी असते आणि घर चालतं ते तिच्यावर. दोन्ही गोष्टी खऱ्या.)

पोफळीची, म्हणजे सुपारीच्या झाडांची, वाडी बाहेरून नुसती गर्दी वाटते. आत शिरलं की कळतं, ही गर्दी मोजून मापून केलेली आहे. दोन झाडांत नऊ फूट, दोन ओळींत नऊ फूट. दहा गुंठ्यांत सव्वाशे-दीडशे पोफळी. कडेने माड, मधे केळी, एखादं जायफळ, पोफळीच्याच अंगावर चढवलेली मिरी. खाली पाट, प्रत्येक झाडाला आळं, आणि भर मेमध्येही अंगाला गारवा लागेल इतकी सावली. खोडावरचं एकेक वळं म्हणजे गळून पडलेलं एकेक झाप, म्हणजे लांब पान. वर्षाला साधारण सहा झापं गळतात. वळी मोजून सहाने भागलं की झाडाचं वय अंदाजे निघतं. खालची वळी झिजलेली असतात, तिथे दोन-चार वर्षं पदरची घालायची.

गळलेल्या झापाला देठाकडे रुंद, चामड्यासारखी विरी असते. सुट्टीतल्या पोरांचं ते वाहन. धाकट्याने विरीत मांडी घालून बसायचं, थोरल्याने झापाचं टोक खांद्यावर घेऊन पळायचं. पाटाच्या वळणावर विरी हमखास उलटते आणि बसलेला चिखलात. मग पाळी कुणाची यावरून भांडण. घरातून हाक येते ती विरी कुणी फाडली म्हणून. कारण तिच्यात भात बांधून न्यायचा असतो, पाणी उडवायचं असतं, पाऊस संपला की झाडांना गुंडाळायची असते. शहरात हल्ली लग्नाच्या जेवणात त्याच विरीच्या दाबून केलेल्या पत्रावळ्या येतात, तेव्हा कुणी पाहुणा त्यात बसून बघेल, अशी फार इच्छा होते.

३ जून २०२०. दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पोफळ तशी वाऱ्याला सरावलेली असते. हातभर घेराचं, चाळीस-पन्नास फूट उंच खोड, पण वाकतं आणि परत येतं. तिची मुळं खोल नसतात. वरच्या दोन-अडीच फुटांत जाळं विणून बसतात. एकटी पोफळ वादळात टिकायची नाही. ती टिकते ती शेजारणींमुळे, कारण समोरची वारा फोडून मागच्या ओळीला देते. त्यामुळे कडेची ओळ आडवी झाली की आतलीचं कवच जातं, मग तिच्या आतलीचं. आणि कडेला लावलेला माड आडवा येतो तो एकटा येत नाही. त्याच्या वाटेत असतील तेवढ्या पोफळी घेऊन खाली येतो. समुद्राकडची सुरूची बनं वारा अडवण्यासाठीच लावलेली. कित्येक ठिकाणी तीच आधी झोपली.

आंब्याची फांदी मोडली तर बाजूने धुमारे फुटतात. वड मोडला तर कापलेल्या ओंडक्यालाही पालवी येते. पोफळीला फांदी नाही आणि दुसरा डोळाही नाही. सगळा जीव शेंड्यातल्या एका कोंबात. तो मोडला की खाली चाळीस फूट खोड ठणठणीत असलं तरी झाड मेलं. ही बातमी मुळांना जरा उशिरा कळते, इतकंच.

वादळानंतरच्या फोटोंत आडवी झाडं दिसतात. उभी राहिलेली कशी मेली, त्याचे फोटो नसतात. आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि दुपारनंतरचं ऊन नैर्ऋत्येकडून तिरपं येतं. भरल्या वाडीत ते कुणाच्या तरी झापावर अडतं. शेजार गेला की थेट खोडावर. जन्मभर सावलीत वाढलेलं ते हिरवं खोड एका बाजूने आधी सोनेरी पिवळं दिसायला लागतं. नवखा म्हणेल, काय छान रंग आलाय. मग डाग तपकिरी होतो, साल तडकते, तड्यात बुरशी शिरते, आणि दोन-तीन वर्षांनी साध्या पावसाळी वाऱ्यात झाड त्याच जागी काडीसारखं मोडतं. वादळाच्या पंचनाम्यात ते नसतं; पंचनाम्याच्या दिवशी ते उभं होतं ना! उपाय जुनाच आहे. पाऊस संपताच दक्षिण-पश्चिम बाजूच्या खोडांना वाळकी झापं नाहीतर विऱ्या गुंडाळून बांधायच्या, नाही जमलं तर चुना फासायचा, आणि त्या कडेला केळी लावून टाकायची. केळ वर्षभरात आडोसा देते. वाडी भुईसपाट झालेल्या माणसाने उरलेल्या पन्नास झाडांना कापडं नेसवत बसायचं, हे सांगणं सोपं आहे.

पाडेल्याचं, म्हणजे झाडावर चढून सुपारी उतरवणाऱ्याचंही, गणित बिघडतं. मुरलेला पाडेली पायात दोराचा फास घालून पहिल्या झाडावर चढतो आणि मग खाली उतरतच नाही. घड कापला, दोराने सोडला, शेंड्याला झोका दिला, शेजारचं झाड हाताला लागलं की तिकडे. नऊ फुटांचं अंतर पूर्वजांनी का ठरवलं, याचं खरं उत्तर मुळांपेक्षा तिथेच असावं, असा एक लाडका संशय आहे. ओळीत चार झाडांची खिंडारं पडली की दर वेळी उतरा आणि चढा. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं आणि मजुरी काही झाडाचं दुःख बघून ठरत नाही.

वादळ निदान नाव घेऊन येतं. बिननावाचं जास्त छळतं. फळं कुजवणारा कोळेरोग घ्या. सततच्या पावसात कोवळ्या फळांवर देठाजवळ पाण्याने भिजल्यासारखे गडद डाग पडतात, फळं कुजतात आणि देठाकडची टोपी झाडावरच ठेवून खाली गळतात. त्यावर बुरशी मारणारं बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद पन्नास लिटरमध्ये वेगळं, चुना पन्नास लिटरमध्ये वेगळा, तेही प्लास्टिकच्या पिंपात. लोखंडी पिंपाला मोरचूद खाऊन टाकतं. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतायचं आणि ढवळत राहायचं. झालं की स्वच्छ कोयती मिनिटभर बुडवून बघायची. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, आणखी चुना हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. पहिली फवारणी पावसाच्या आधी, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पाऊस उघडेल तेव्हा.

‘पावसाच्या आधी’ म्हणजे कधी? पूर्वी याचं उत्तर मेअखेर होतं. २०२५ साली मुंबईत मान्सून २६ मे रोजी आला. नेहमीची तारीख ११ जून. कोकणात त्याच्याही आधीपासून झड लागलेली. ओल्या खोडावर पाडेली चढत नाही, चढू नयेच, आणि घडावर वाळायला उसंत मिळाली नाही तर मिश्रण धुऊन जातं. मोरचुदाची पिशवी पडवीत आणि पाऊस अंगणात. दुसरं टोक वाळवणाचं. पिकलेली सुपारी सालीसकट खळ्यावर पसरून चाळीस-पंचेचाळीस दिवस कडक ऊन खाते, अधूनमधून परतायची. डिसेंबर म्हणजे बिनधास्त, असा समज होता. २०१७च्या डिसेंबरात ओखी वादळाने तोही भिजवला. एक रात्र ताडपत्री टाकायला उशीर झाला की सालीत ओल धरते, आतला गर काळवंडतो आणि व्यापारी एक फोडून बघतो, बाकीची बघतही नाही.

भरपाईचं सांगायचं तर ‘निसर्ग’नंतर बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले, नेहमीच्या निकषापेक्षा ते जास्तच होते. पण कोकणात हेक्टर बोलतं कोण? वाडी गुंठ्यांत आणि सातबारावर नावं सात. दहा गुंठ्यांचे पाच हजार, म्हणजे झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा नाहीत. पुढे झाडावर हिशेब करायचं ठरलं, तेव्हा माडाला २५० आणि पोफळीला ५०. पडलेलं झाड तोडून, ओढून वाडीबाहेर काढायलाच त्याहून जास्त लागतात.

आणि मग नवी लावायची. पंधरा-वीस वर्षं पुढे गेलेल्या, दरसाल भरून येणाऱ्या झाडाचं पुरतं पिकलेलं, वजनदार फळ निवडायचं. सोलायचं नाही. बादलीभर पाण्यात सोडायचं. काही फळं आडवी तरंगतात. काही उभी राहतात, टोपीची बाजू वर. उभी राहिलेली घ्यायची; त्यांची रोपं जोमदार होतात. वाळूच्या वाफ्यात दोन-दोन इंचांवर, टोपी वरच ठेवून, फळ जेमतेम झाकेल इतकी वाळू. दीड-दोन महिन्यांनी कोंब. दोन-तीन पानांवर पिशवीत. वर्ष-दीड वर्षाचं, पाच पानांचं रोप झालं की दोन फूट खड्ड्यात, शेजारी सावलीला केळ. त्यानंतर सहा-सात वर्षं नुसतं शिंपत राहायचं. ३ जूनला पडलेल्या झाडाच्या जागी त्याच पावसात रुजवलेलं बी २०२८ च्या आसपास पहिला घड दाखवणार. तोवर मधे २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ किनारा घासत गेलं. लावणारा साठीचा असला तर तो लावताना कुणाच्या नावाने लावतो, हे विचारायचं नसतं.

तर डबीतल्या सुपाऱ्या. पाण्यात सोडून बघायला हरकत नाही, पण उपयोग शून्य. सोललेल्या, वाळलेल्या, त्यांना टोपीच नाही. भोकवाली बाजूला काढावी, भुकटी झटकावी, उरलेल्या परत डबीत. पुढच्या गुरुवारी कुणाकडे तरी पूजा आहेच.