श्रीवर्धनचा फोन लागत नव्हता

1 जून 2020 च्या संध्याकाळी मी हवामान खात्याचे पत्रक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले. अरबी समुद्रातील कमी दाबाच्या पट्ट्याचे चक्रीवादळात रूपांतर होऊन ते 3 जूनला हरिहरेश्वर आणि दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल असे त्यात म्हटले होते. वाहिन्यांवर त्या रात्री सगळी चर्चा मुंबईची चालली होती. माझे लक्ष मात्र त्या वाक्यातील पहिल्याच नावावर अडकले, कारण हरिहरेश्वर श्रीवर्धन तालुक्यात येते आणि त्याच तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माझे आईबाबा कौलारू घरात राहतात. मी पुण्यात होते. टाळेबंदी चालू होती, जिल्ह्याबाहेर जायला पोलिसांचा पास लागत होता आणि तो दोन दिवसांत मिळण्याची शक्यता नव्हती. तेव्हा जे काही करायचे ते फोनवरूनच करावे लागणार, हे मी त्या रात्री मनाशी मान्य केले.

पहिला प्रश्न त्यांनी कुठे जायचे हा होता. एरवी गावातली शाळा हे सुरक्षित ठिकाण, पण तिथे मुंबईहून आलेली माणसे विलगीकरणात होती आणि बाबांचे वय 74. घर सोडायलाच ते तयार नव्हते. "आजवर किती वादळे पाहिली, या घराचे आढे सागवानी आहे," असे ते सांगत राहिले. शेवटी शेजारच्या स्लॅबच्या घरातील काकूंनीच त्यांना बोलावले, तेव्हा कुठे वादळ टेकण्याआधी तिकडे जायचे त्यांनी कबूल केले. दुसरा प्रश्न आईच्या इन्सुलिनचा होता. वीज जाणार हे ठरलेलेच होते, म्हणून आठवडाभर पुरेल एवढे इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तो डबा ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवायचे आम्ही ठरवले. घराची कागदपत्रे, सातबारा आणि बँकेची पुस्तके पिशवीत बांधली. पंपाचा भरवसा नव्हता, म्हणून बाबांनी विहिरीवरचा जुना रहाट तेलपाणी करून ठेवला. ही सगळी कामे 2 जूनला दुपारपर्यंत उरकली. त्याच दुपारी वादळाला बांगलादेशाने सुचवलेले 'निसर्ग' हे नाव मिळाल्याची बातमी आली.

माझी खरी भीती पाण्याची होती. समुद्राची पातळी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटरने चढू शकते, असे पत्रकात लिहिले होते, आणि आमच्या सुपारीच्या वाडीची शेवटची पोफळ किनाऱ्याच्या पुळणीपासून फार लांब नाही. मी हे बाबांना सांगितले, तर ते शांतपणे म्हणाले, "अगं, उद्या सकाळी तेरस लागते. तेराचे पाऊणपट किती? पावणेदहा. म्हणजे भरती दहाच्या सुमारास. वादळ दुपारी येणार म्हणतात ना, तेव्हा ओहोटी लागलेली असेल." तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा हा हिशेब मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण स्वतः कधी केला नव्हता. नंतर वेळापत्रकात पाहिले, तर बाबांचा अंदाज अर्ध्या तासाच्या आत बरोबर निघाला. त्या रात्री मला झोप लागली ती एवढ्याच आधारावर.

3 जूनला सकाळी अकरा चाळीसला बाबांशी शेवटचे बोलणे झाले. पडवीची कौले सरकायला लागली होती. "आम्ही निघतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि त्यानंतर त्यांचा, आईचा, शेजारच्या काकूंचा, गावातला एकही फोन लागला नाही. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला वादळ जमिनीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. संध्याकाळी वाहिन्यांवर मुंबई वाचल्याची बातमी मोठ्या अक्षरांत झळकली. मुंबई वाचली याचा मलाही आनंद होता, कारण तिथेही आमची माणसे आहेत. पण पडद्यावर 'संकट टळले' हे शब्द सरकत असताना ज्या किनाऱ्यावर वादळ खरोखर आले होते तिथून एक अक्षरही बाहेर पडत नव्हते, याचे मला फार वाईट वाटले आणि आजही वाटते.

वादळाच्या आधीचे दोन दिवस कामात गेले होते. त्यानंतरच्या पंचेचाळीस तासांत करण्यासारखे काहीच उरले नव्हते, आणि मला सर्वांत जड गेले ते हेच तास. पहिल्या रात्री मी दर दहा मिनिटांनी क्रमांक फिरवत होते, आणि 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती' हे वाक्य ऐकून पुन्हा फिरवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या मुंबईकर मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी सुचवले की सगळ्यांनी आपापल्या घरी फोन लावत बसण्यापेक्षा तालुक्याच्या वेशीवर कोण कोण आहे ते शोधावे. आम्ही कामे वाटून घेतली. कोणी माणगावातल्या ओळखी शोधल्या, कोणी म्हसळ्याच्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक लावत राहण्याचे काम माझ्याकडे आले. तो दुपारी एकदा लागला. पलीकडच्या माणसाने गावाचे नाव लिहून घेतले आणि रस्त्यांवर झाडे पडल्यामुळे पथके अजून पुढे सरकत आहेत, असे प्रामाणिकपणे सांगितले. त्याच्या आवाजावरून तोही झोपला नसावा.

5 जूनला सकाळी गटावर एक छायाचित्र आले. आमच्याच आळीतला एक मुलगा पडलेल्या झाडांमधून कुठे मोटारसायकल चालवत, कुठे ढकलत, रेंज येईल तिथपर्यंत गेला होता, आणि निघण्यापूर्वी त्याने घरोघर फिरून शाळेच्या दुरेघी वहीत यादी केली होती. कागद भिजून शाई पसरली होती. मी बोट ठेवत ठेवत खाली आले. एकोणिसाव्या ओळीवर बाबांचे नाव होते आणि त्यापुढे लिहिले होते : 'दोघे ठीक. शेजारी आहेत. छप्पर नाही.' मी ती ओळ मोठ्याने वाचली, नवऱ्याला वाचून दाखवली, आणि मग खाली बसून रडले. त्या मुलाने त्रेचाळीस घरांची खबर त्या एका पानावर आणली होती. त्याचे ऋण आमचे गाव कसे फेडणार, ते मला ठाऊक नाही.

त्या दिवशी वटपौर्णिमा होती. आईने नंतर सांगितले की गावातला जुना वड मुळासकट आडवा झाला होता आणि बायकांनी त्या आडव्या खोडालाच सूत गुंडाळून पूजा केली.

पाससाठीचा माझा अर्ज दोनदा नामंजूर झाला. तिसऱ्या वेळी वहीच्या पानाचे छायाचित्र जोडले आणि 8 जूनला आम्ही ताम्हिणी घाटाने माणगावकडे निघालो. गाडीत ताडपत्र्या, मेणबत्त्या, सुंभ, औषधे आणि सहा पॉवर बँक होत्या. यातली सर्वांत उपयोगी वस्तू ताडपत्री ठरली, कारण तोवर तालुक्यात ती मिळेनाशी झाली होती आणि पाऊस तोंडावर होता. म्हसळ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे विजेचे खांब मोडून पडले होते. घरी पोहोचलो तेव्हा आई ओटीवर बसून फुटक्या कौलांतून साबूत कौले वेगळी काढत होती. मला पाहिल्यावर ती उठली नाही, फक्त म्हणाली, "मडक्यातले इन्सुलिन चांगले राहिले गं."

बाबा वाडीत होते. आमच्या अठरा गुंठ्यांच्या वाडीत तीनशेच्या आसपास पोफळी होत्या, श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या. त्यातल्या चाळीसही उभ्या नव्हत्या. माड कंबरेतून पिळवटून मोडले होते आणि जायफळाची दोन्ही झाडे मुळांसकट उलटली होती. पंचनामा झाल्याशिवाय काही हलवू नका, असे मी फोन लागताच सांगितले होते, म्हणून त्यांनी विहिरीपर्यंतची वाट तेवढी मोकळी केली होती. मी प्रत्येक झाडाचे छायाचित्र काढले आणि बाबांनी खडूने खोडांवर आकडे घातले. तलाठी पाच दिवसांनी आले तेव्हा मोजणी तयार होती, त्यामुळे पंचनामा तासाभरात आटोपला. सरकारने फळबागांची भरपाई हेक्टरी 18,000 रुपयांवरून 50,000 रुपये केली, आणि ही वाढ आवश्यकच होती. परंतु हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला 500, म्हणजे आमच्या पूर्ण वाडीला 9,000 रुपये. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या दाट वाडीला हेक्टरचे माप लावणे मला आजही अन्यायाचे वाटते, आणि हे मी मिळालेल्या मदतीबद्दल कृतज्ञ राहूनच लिहीत आहे.

वीज यायला 34 दिवस लागले. छप्पर गणपतीच्या आधी झाले. दसऱ्याच्या सुमारास बाबांनी दीडशे रोपे लावली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकू लागले, तेव्हा आमच्या गटात आधीच ठरले होते की कोणत्या आळीची यादी कोण करणार आणि ती घेऊन कोण कुठपर्यंत जाणार. 16 मे 2021 च्या रात्री मी घरी फोन केला. आईचा डबा मडक्यात होता, पिशवी काकूंकडे पोहोचली होती. मी म्हणाले, "बाबा, उद्या पंचमी. पाचाचे पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारच्या आत तुम्ही दोघे शेजारी गेलेले असा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरोबर आहे. साडेतीनलाच जातो."