महाधमनीच्या शस्त्रक्रियेत शरीर थंड का करतात

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय आणि फुप्फुसांचे काम तात्पुरते सांभाळणारे हार्ट-लंग मशीन चालवतो. घरचे लोक मात्र ‘पोरगा मुंबईला दवाखान्यात आहे’ एवढ्यावर समाधान मानतात. यंदा मे महिन्यात यावल तालुक्यातल्या गावी गेलो, तेव्हा भावकीतल्या एका आबांच्या महाधमनीच्या कमानीवर, भिंत कमकुवत होऊन, फुगा निघाल्यामुळे माझ्या कामाची प्रथमच चौकशी झाली. शस्त्रक्रियेच्या वेळी शरीर २० अंशांच्या आसपास थंड करून रक्ताभिसरण काही वेळ थांबवावे लागेल, असे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. बाहेर पारा ४५ अंशांना टेकलेला होता आणि आबांचा प्रश्न होता, “भाऊ, आंग थंडं पडनं म्हनजे मानूस गया ना?”

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर महाधमनीच्या रचनेत आहे. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी आधी वर चढते, मग कमानीसारखी वळून पाठीच्या बाजूने खाली उतरते, आणि नेमक्या त्या कमानीतूनच डोक्याला व हातांना रक्त पुरवणाऱ्या तीन मोठ्या शाखा फुटतात. इतर ठिकाणी फुग्याच्या अलीकडे-पलीकडे क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावून मधला भाग कापता येतो; कमानीवर तसे केले तर मेंदूचेच रक्त तुटते, शिवाय आधीच कमकुवत झालेली भिंत क्लॅम्पच्या दाबाने फाटण्याची भीती असते ती वेगळीच. नेहमीच्या ३७ अंशांना मेंदू रक्ताशिवाय जेमतेम चार-पाच मिनिटे तग धरतो. तेवढ्या वेळात डेक्रॉनची (कृत्रिम धाग्याची) नळी टाके घालून बसवणे कोणाच्याही हातांना शक्य नाही.

थंडीचा उपयोग इथे होतो. शरीराचे तापमान एका अंशाने उतरले की पेशींची प्राणवायूची गरज साधारण सहा-सात टक्क्यांनी घटते, आणि १८ ते २० अंशांवर ती मूळ गरजेच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येते. आमच्या भागातल्या माणसाला हे केळीवरून चटकन पटते: कापलेला घडही श्वास घेत असतो, १३-१४ अंशांवर ठेवला की तो श्वास मंदावतो म्हणून माल दूरवर जातो, आणि त्याहून थंड केला तर साल काळी पडते. आबांनी बागायतीत आयुष्य घालवले आहे. एवढे ऐकल्यावर त्यांनी पुढचे प्रश्न स्वतःच विचारायला सुरुवात केली.

ही कल्पना नवी नाही. टोरांटोचे विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवर प्रयोग करून थंड केलेल्या शरीराची प्राणवायूची गरज घटते हे दाखवले. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुईस यांनी एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून तिच्या हृदयातले छिद्र बंद केले. आणि १९७५ मध्ये रँडल ग्रिप यांनी याच मार्गाने महाधमनीची कमान बदलल्याचे प्रसिद्ध केल्यावर ही पद्धत रूढ झाली.

प्रत्यक्षात रुग्णाला बर्फात ठेवत नाहीत. डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या लावतात, पण खरी थंडी माझ्या मशीनमधल्या, रक्त थंड-गरम करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमधून रक्तावाटे आत जाते. हे काम सावकाश करावे लागते, कारण नाकाच्या मागे लावलेल्या तापमापकावर आकडा उतरला तरी शरीराचे आतले भाग मागे राहिलेले असतात. म्हणून मूत्राशयातला दुसरा तापमापकही पाहतो. थंड रक्त दाट होते, त्यामुळे ते पातळ राखावे लागते. ठरलेला आकडा आला की सर्जन सांगतात, मी पंप थांबवतो, शरीरातले रक्त मशीनच्या टाकीत उतरते आणि मॉनिटरवरच्या रेषा सपाट होतात. त्यानंतर माझे काम म्हणजे दर पाच मिनिटांनी मोठ्याने वेळ सांगणे. अर्ध्या तासापर्यंत मन बऱ्यापैकी निर्धास्त असते; चाळीस मिनिटांपुढे पक्षाघाताचा धोका वाढत जातो, हे सर्वांना ठाऊक असल्याने माझ्या आवाजाकडे कोणी दुर्लक्ष करत नाही.

आता बऱ्याच ठिकाणी इतके थंड करत नाहीत. उजव्या काखेतल्या धमनीत नळी घालून शरीराचे अभिसरण थांबले असतानाही मेंदूला थोडे रक्त देत राहता येते. ६० किलो वजनाच्या माणसाला मिनिटाला साधारण ५०० ते ६०० मिलिलिटर, म्हणजे पूर्ण प्रवाहाच्या मानाने अगदी किरकोळ. मग २४ ते २८ अंशांवरही काम भागते. मला स्वतःला हीच पद्धत पसंत आहे, कारण वेळेचा ताण कमी होतो आणि पुन्हा ऊब द्यायलाही कमी वेळ लागतो. पण फुगा फाटून रुग्ण आणीबाणीत आला असेल किंवा कमानीच्या शाखांपर्यंत पोहोचणे अवघड असेल, तेव्हा जुनी खोल थंडीच मदतीला येते.

नातेवाइकांना थंडीची भीती वाटते, मला ऊब देण्याची वाटते. घाई केली आणि मशीनमधून जाणारे रक्त शरीरापेक्षा फार गरम झाले, तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून दोन्हींतला फरक १० अंशांच्या आत ठेवतो. ताप चढलेला मेंदू तर थंडीत सोसलेल्या इजेत भरच घालतो, म्हणून रक्ताचे तापमान ३७ च्या वर जाऊ द्यायचे नाही. शस्त्रक्रिया लांबली म्हणून बाहेर अस्वस्थ होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की मुख्य टाके संपल्यावरही तास-दीड तास केवळ ऊब देण्यात आणि रक्तस्राव थांबवण्यात जातो. थंडीने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यासाठी प्लेटलेट आणि प्लाझ्मा हे रक्तातले घटक लागतात. आबांच्या मुलाला मी रक्तदाते आधीच तयार ठेवायला सांगितले, कारण गावाकडून ऐनवेळी माणसे आणणे शक्य होत नाही. शुद्धीवर यायला दुसरा दिवस उजाडू शकतो आणि काही दिवस बोलण्यात गोंधळ राहू शकतो, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

ही चर्चा ऐकून शेजारचे एक काका पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आले. त्यांच्याही महाधमनीला फुगा होता, पण बेंबीच्या पातळीवर, आणि आपल्यालाही असेच थंड करतील या धास्तीने ते रात्री झोपले नव्हते. तिथे मेंदूचा रक्तपुरवठा तुटत नाही, किडनीच्या धमन्यांच्या खाली क्लॅम्प बसला तर पाय काही काळ कमी रक्तावर निभावतात, आणि पुष्कळांना तर मांडीतून स्टेंट बसवूनच भागते. पोट उघडावे लागले तरी त्या शस्त्रक्रियेत रुग्ण थंड पडू नये म्हणून उलट गरम हवेचे पांघरूण घालतात.