आज गोल्फचा ड्रायव्हर लागला!
महिनाभर सेव्हन आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) छान बसत होती, पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हातात घेतला की चेंडू उजवीकडे वळून थेट बांधापलीकडच्या उसात. आज सकाळी मामा (फौजेतून निवृत्त, गोल्फ तिथंच शिकले) अजिंक्यताऱ्याखालच्या मोकळ्या रानात सोबत आले. दोन फटके बघितले आणि म्हणाले, "आरं, तू ह्याला बी आयर्नगतच मारतोयस."

खरंच होतं. सेव्हन आयर्न साधारण ३७ इंचांची, ड्रायव्हर ४५ च्या आसपास. दांडा लांब, म्हणजे चेंडूपासून लांब उभं राहायचं, आणि मग स्विंगही जरा आडवा, अंगाभोवती फिरतो. मी मात्र कुऱ्हाड घातल्यासारखा वरून मारत होतो. मामांनी बुटाच्या टोकानं मातीत रेघ ओढली. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, पाय नेहमीपेक्षा फाकलेले, उजवा खांदा किंचित खाली. टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) इतकी उंच की अर्धा चेंडू क्लबच्या डोक्याच्या वर दिसावा. चेंडू पुढं असला की क्लब तळ गाठून वर येताना त्याला भेटतो.

अकराव्या चेंडूला हाताला काही जाणवलंच नाही, नुसता टणकन आवाज. सरळ गेला, आंब्याच्या शेंड्यावरून! मामा काही बोलले नाहीत. खिशातून दुसरी टी काढली आणि माझ्या हातावर ठेवली.